मदत हवी आहे: पट्टा न बांधता बीपी मोजायचंय
मंडळी, मी सांगलीची, इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला. आजीचा दंड इतका बारीक झालाय की बीपीचा पट्टा फुगला की ती कळवळते, म्हणून प्रोजेक्टला हाच विषय हट्टाने घेतला. (तिच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या यंत्रावरच ठरतात.)

ईसीजीतलं आर टोक (प्रत्येक ठोक्याचं उंच टोक) ते बोटावरच्या सेन्सरमध्ये नाडीची लहर चढू लागते तो क्षण, म्हणजे लहरीचा पायथा, एवढा वेळ मी मोजते. बीपी वाढलं की धमनी ताठते, लहर जोरात पळते, वेळ घटतो. जिना चढून आल्यावर हे स्पष्ट दिसतं.

अडचण अशी, की या वेळेत हृदयाची झडप उघडण्याआधीचा काळही मिसळतो आणि तो बीपी तेच असतानाही बदलू शकतो. कानाच्या पाळीवर दुसरा सेन्सर लावून दोन्हींतला फरक घेतला तर तो कटेल, पण उरणारा वेळ फारच थोडा. मग बोटाऐवजी पायाचा अंगठा घ्यावा का? आजीची बोटं गार असली की लहरीचा पायथाच सपाट होतो. तो नेमका कसा पकडता? सॅम्पलिंग १०० हर्ट्झ आहे, म्हणजे सेकंदाला १०० नमुने, दोन नमुन्यांत १० मिलिसेकंद. हे मला अपुरं वाटतं.

मिरजेत कुणी बायोमेडिकलवाले असतील तर सर्किट घेऊन येईन.