कुलूपबंद जुना लॅपटॉप: पैसे मोजले म्हणजे आतलंही आपलं झालं का?

सांजवारा

भाचीसाठी वापरलेला लॅपटॉप घेतला. विकणाऱ्याने चालू करून दाखवला, पडद्यावर डाग नव्हता, कळा सगळ्या धडधाकट, एवढं बघून मी घेऊन आले. घरी नीट सुरू होऊ दिला तर समोर एका अनोळखी बाईंचा गोल फोटो, खाली त्यांचं नाव आणि पासवर्डची रिकामी चौकट. भाचीने उत्साहात काहीतरी टाइप केलं. चुकलं. लगेच खाली एक ओळ उमटली, त्या बाईंनी स्वतःसाठी लिहून ठेवलेली हिंट: 'बाबांची पहिली गाडी'.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "कुणाकडेही न्या, उघडून देतात." नेला. तिथल्या माणसाने हिंट वाचली आणि म्हणाला, "गाडीचा नंबर असणार. नाव तर दिसतंच आहे, फेसबुकवर जुने फोटो चाळले तर गाडी सापडेल. नाहीच सापडली तर दुसरा मार्ग आहे. फायली जशाच्या तशा राहतील, तुमचं काही जाणार नाही." त्यातलं 'तुमचं' मला टोचलं. त्या फायली माझ्या नव्हत्याच. लॅपटॉप उचलला आणि घरी आले.

माझं मत असं: पासवर्ड लागलेलं जुनं यंत्र हाती आलं तर ते उघडायचं नाही, कुणाकडून उघडून घ्यायचं नाही. आधी मूळ मालकापर्यंत निरोप पोचवायचा आणि त्यांचा होकार आल्यावर सगळं पुसून नव्याने सुरुवात करायची. यंत्र चोरीचं असू शकतं. त्या बाईंच्या कामाची एखादी गोष्ट फक्त तिथेच राहिलेली असू शकते. आणि आपण पैसे दिले ते पत्रा, पडदा नि कळांचे. कुणाच्या पत्रांचे आणि फोटोंचे नाही. घरात दोघांना हे पटलं, दोघांना नाही. तुम्हाला काय वाटतं?

खणखणीत

उघडायचं नाही इथपर्यंत शंभर टक्के सहमत. पुढचं अजिबात पटलं नाही.

व्यवहार झाला, पैसे दिले, यंत्र तुमचं. पुसून देणं हे विकणाऱ्याचं काम होतं, ते त्याने केलं नाही, मग तुम्ही करा. जुनं कपाट घेतलं आणि खणात कागद निघाले, तर न वाचता फाडून टाकतो. कागद कुणाचे म्हणून गावभर विचारत फिरत नाही. विंडोज १० किंवा ११ असेल तर पासवर्डच्याच पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, बंद करायचं बटण असतं. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, ट्रबलशूटमध्ये जा, 'रीसेट धिस पीसी' आणि त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. पासवर्ड लागत नाही, एकही फाईल दिसत नाही, कुणाचं गुपित फुटत नाही.

दुसरं म्हणजे, मालकाला शोधणार कसं? पडद्यावरचं नाव घेऊन, त्या फोटोशी चेहरा जुळवून, एका अनोळखी बाईला मेसेज करणार? म्हणजे दुकानातला माणूस जे करायला निघाला होता त्याचाच अर्धा भाग. तुमचा हेतू चांगला आहे, पण तिकडे मेसेज वाचणारीला हेतू दिसत नाही. तिला एवढंच दिसतं की कुणीतरी तिचा माग काढत आलंय.

पानगळ

खणखणीत, कपाटाचा दाखला इथे बसत नाही. कपाट विकणाऱ्याने खण रिकामे केले असं धरायला जागा असते, कारण उघडलं की दिसतं. लॅपटॉपमध्ये काय राहिलंय हे विकणाऱ्यालाच कळत नाही. हे मी स्वतः भोगलंय.

काही वर्षांपूर्वी मी माझा जुना लॅपटॉप बदलीत दिला. पासवर्ड होता, म्हणून निर्धास्त होते. मला खरोखर वाटायचं की पासवर्ड नसेल तर आतलं कुणालाच मिळत नाही. महिनाभराने एका माणसाचा मेसेज आला, "ताई, तुमचे फोटो माझ्याकडे आहेत, हवे असतील तर पाठवतो." तो भला होता, त्याने खरंच पाठवले आणि पुसलेही. पण त्यात माझ्या बाळंतपणातले फोटो होते, आईच्या आजारपणाचे सगळे रिपोर्ट होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. आजही दुकानात कुणी "डेटाची काळजी करू नका" म्हटलं की पोटात गोळा येतो.

त्यामुळे सांजवारा, विचारा. मला आधी कुणी विचारलं असतं तर मी हात जोडले असते.

पेचकस

दुरुस्तीच्या धंद्यात चौदा वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इथे सगळे 'पासवर्ड' एकाच अर्थाने बोलताहेत, आणि घोळ तिथेच होतो. काही कुलपं माहितीला असतात, काही यंत्राला. कुठलं लागलंय हे कळल्याशिवाय भांडण व्यर्थ आहे.

सांजवारांना दिसलं ते विंडोजमध्ये शिरायचं कुलूप. ते फक्त दाराला असतं, भिंतीला नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तर फायली सरळ वाचता येतात. पानगळ यांच्या बाबतीत बहुधा हेच झालं. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे सगळ्या फायली सांकेतिक लिपीत बंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा ४८ आकडी रिकव्हरी की लागते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट, आणि ती नसेल तर मी काय, कुणीच आतलं वाचू शकत नाही. पण लक्षात घ्या, बिटलॉकर माहिती राखतं, यंत्र अडवत नाही. पेनड्राइव्हवरून नवं विंडोज टाकायला घ्या, जुने भाग पुसा, यंत्र कामाला लागतं. आतलं कायमचं गेलं, एवढंच.

आता यंत्राची कुलपं. चालू करताच, विंडोजच्याही आधी, काळ्या पडद्यावर पासवर्ड मागितला तर ते बायोसचं, म्हणजे यंत्राला आधी जागं करणाऱ्या त्याच्या मूळ प्रोग्रामचं. "आतली छोटी बॅटरी काढा, पासवर्ड जातो" हे जुन्या डेस्कटॉपवर चालायचं. आजच्या लॅपटॉपमध्ये तो वीज गेली तरी न विसरणाऱ्या चिपमध्ये असतो, बॅटरी काढून लोक फक्त घड्याळ बिघडवतात. असं यंत्र माझ्याकडे आलं की मी पहिल्यांदा बिल मागतो. बनवणारी कंपनीही खरेदीचा पुरावाच मागते. ॲपलचं ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे यंत्र मालकाच्या ॲपल खात्याला जखडणारं कुलूप, त्याहून पक्कं. ॲपलची टी२ ही सुरक्षेची चिप असलेली मॅक आणि २०२० पासूनची एम मालिकेच्या चिपवाली, या दोन्हींत ते असतं आणि पुसून, नवी सिस्टीम टाकूनही जात नाही. जुन्या मालकाला मात्र ते घरबसल्या, आयक्लाउडवरच्या आपल्या खात्यातून यंत्र काढून टाकून सोडवता येतं. म्हणजे तिथे मालकाला विचारण्यावाचून सरळ रस्ताच नाही.

मत विचारलंत तर सांगतो. यंत्राचं कुलूप दिसलं तर लॅपटॉप परत करा, पैसे परत मागा. नुसतं विंडोजचं असेल तर ज्याने विकला त्याला गाठा आणि "हे कुणाकडून घेतलंस, त्यांना फोन लाव" म्हणा. मालकाला तुम्ही थेट शोधू नका, इथे मी खणखणीत यांच्या बाजूचा. विकणाऱ्याकडे खरा नंबर असेल तर तो फोन लावेल. टाळाटाळ करायला लागला तर ते यंत्र घरात ठेवू नका.

खणखणीत

विकणाऱ्याकरवी विचारणं, हे पटलं. पण 'होकार आल्याशिवाय पुसू नका' हे अजूनही नाही. विकणाऱ्याला महिनाभर सवड मिळाली नाही तर भाचीने महिनाभर काय करायचं?

दुसराडाव

या सगळ्या चर्चेत एक बाजू कुणी मांडली नाही. मी जुनी यंत्रं ठाकठीक करून शाळांना देणाऱ्या एका छोट्या गटात काम करते. आमच्याकडे येणाऱ्या ढिगात दर वेळी काही यंत्रं अशी असतात, की पडदा उत्तम, बॅटरी उत्तम, पण आधीच्या मालकाच्या खात्याला जखडलेली. देणाऱ्याने मनापासून दिलेली असतात. त्याला कुलूप सोडायचं ठाऊक नसतं आणि आमच्यापर्यंत येता येता मध्ये चार हात बदललेले असतात. कुणाला विचारणार? ती यंत्रं भंगारात जातात. मी स्वतः त्यांचे स्क्रू काढून पडदा वेगळा केलाय, रॅम वेगळी केलीय, आणि चालणाऱ्या यंत्राचे तुकडे करताना हात जड होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये काढलेल्या अहवालात २०२२ या एका वर्षाचा जगाचा ई-कचरा ६.२ कोटी टन दिलाय आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. अशा वेळी 'मालक सापडला नाही तर वापरू नका' हा नियम मला कठोर वाटतो. माहितीला कितीही जाड कुलूप लावा, माझी हरकत नाही. पण यंत्राला लावलेल्या कुलपाला मुदत हवी. चोरीची तक्रार नाही आणि मालक ठरावीक काळात बोलला नाही, तर आतलं सगळं नष्ट करून यंत्र मोकळं करायची सोय बनवणाऱ्यांनीच द्यायला हवी.

रातकिडा

दुसराडाव, तुमचं काम मोठं आहे, पण या मुदतीला माझा ठाम विरोध. माझा लॅपटॉप प्रवासात चोरीला गेला. तक्रार नोंदवायलाच मला आठ दिवस लागले, कारण मी दवाखान्यात होतो. त्या आठ दिवसांत मला धीर होता तो एवढाच, की घेणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. मुदत संपली की कुलूप आपोआप सुटतं हे कळलं, तर चोर मुदत संपेपर्यंत थांबेल. त्याला कसली घाई आहे?

दुसराडाव

हे मी नाकारत नाही. म्हणूनच तक्रारीची अट घातली. पण तक्रारच करता आली नाही तर काय, याला माझ्याकडे आज उत्तर नाही. तरीही ढिगातली ती यंत्रं माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

उंबरठा

पेचकस यांनी एक कुलूप सोडलं, ते मी सांगतो. मी घेतलेला लॅपटॉप कोरा करकरीत होता. नवं विंडोज, पासवर्ड नाही. हौसेने पुन्हा एकदा स्वच्छ इन्स्टॉल केलं, वायफाय जोडलं आणि पडद्यावर एका कंपनीचं नाव आलं: तिथला ईमेल टाकून आत या म्हणे. दोनदा पुसलं, दोनदा तेच. नंतर कळलं की ऑटोपायलट नावाच्या सोयीत यंत्राची ओळखच कंपनीच्या यादीत नोंदवलेली असते. डिस्कवर काही नसतंच, मग पुसून काय जाणार?

मी त्या कंपनीच्या आयटी विभागाला यंत्राचा सीरियल नंबर कळवला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, की हे यंत्र आम्ही रीतसर विकलं होतं, यादीतून काढायचं राहून गेलं. त्यांनी काढलं, मी पुन्हा इन्स्टॉल केलं, काम झालं. आंतरजालावर हे चुकवायच्या युक्त्या ढिगाने सापडतात. एकीचीही गरज पडली नाही. म्हणून 'आधी विचारा'ला माझं मत.

पेचकस

उंबरठा, बरोबर, राहिलंच ते. खणखणीत यांच्या रीसेटबद्दलही थोडं. नुसतं 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडलं तर फायली दिसेनाशा होतात, पण काही वेळा सॉफ्टवेअरने परत काढता येतात. पुढच्या पायरीत ड्राइव्ह पूर्ण साफ करायचा पर्याय असतो, तो घ्या, वेळ लागू द्या. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी बाजारातून जुन्या १५८ डिस्क गोळा करून तपासल्या, त्याचा लेख २००३ मध्ये आला. त्यांत क्रेडिट कार्डांचे ५,००० वर क्रमांक निघाले. बऱ्याच लोकांनी त्या 'पुसलेल्या'च होत्या.

विंडोजची की, म्हणजे परवान्याचा क्रमांक, नव्याने घ्यायला लागेल अशी भीती बाळगू नका. विंडोज ८ पासूनच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती यंत्राच्या चिपमध्येच असते, तीच आवृत्ती टाकली की आपोआप लागू होते. फक्त विंडोज १० चं मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, तेव्हा यंत्र ११ ला चालत नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम टाका. शाळेच्या कामाला उत्तम चालतं.

सांजवारा

काल झालेलं सांगते. पेचकस यांचं ऐकून विकणाऱ्याकडे गेले आणि समोर उभं राहूनच फोन लावायला लावला. आधी म्हणाला नंबर नाही, मग वहीत सापडला. बाईंशी मीच बोलले. यंत्र त्यांनीच बदलीत दिलं होतं, चोरीचं नव्हतं. मी म्हटलं, "पुसायच्या आधी विचारावं म्हणून फोन केला." पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे ते अजून पुसलेलं नाही? मला तर माझ्यासमोर सांगितलं होतं, की आजच पुसतो."

त्यांना आतलं काहीच नको होतं. खणखणीत, म्हणजे तुम्ही म्हणता तसं सरळ पुसलं असतं तरी त्यांचं काही गेलं नसतं, हे मान्य. पण आपला लॅपटॉप कुलूप न उघडता, पण भरलेलाच, तीन आठवडे लोकांच्या हातातून फिरतोय हे त्यांना कधी कळलंच नसतं. फोन ठेवायच्या आधी त्या म्हणाल्या, की आधी बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदलते.

खणखणीत

हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. विकणाऱ्याकडे नंबर असेल तर फोन करावा, इथपर्यंत मी आलो. नंबर नसेल तर मी आजही त्याच दिवशी पुसेन.

सांजवारा

नंबर नसता तर मी परत केला असता. आपलं इथे जुळणार नाही. पुसायला रात्री लावला होता, पूर्ण साफ करायचा पर्याय घेऊन. सकाळी भाची उठली तेव्हा पडद्यावर भाषा निवडायचं पान होतं, त्याचा फोटो काढून त्या बाईंना पाठवला.