मणक्यात बसवायच्या मशीनची ट्रायल: वडिलांसाठी होय म्हणावं का?

रंकाळावेस
वडील ६१ वर्षांचे. कमरेची दोन ऑपरेशनं झालीत, दुसऱ्यात स्क्रू बसवले. तेव्हापासून डाव्या मांडीच्या मागून तळव्यापर्यंत आग होते, रात्री पायावर चादरसुद्धा सहन होत नाही. नसेच्या दुखण्याच्या गोळ्या, प्रेगाबालिन दिवसाला ३०० मिलिग्रॅम आणि ड्युलोक्सेटिन ६०, चालू आहेत. त्यानं गुंगी येते, आग जात नाही. शुगर आहे, स्टेंट असल्यामुळे रक्त पातळ ठेवणारं क्लोपिडोग्रेलही चालू आहे. पुण्याच्या पेन स्पेशालिस्टनी स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटरची (मज्जारज्जूजवळ हलका करंट देऊन दुखणं कमी करणारी मशीन) पक्की बसवण्याआधी आठवडाभराची ट्रायल सुचवलीय. ट्रायलमध्ये नेमकं काय बघायचं? पुढं काय बिघडू शकतं? कोल्हापुरात राहून हे सांभाळता येईल का? घरात भारतीय संडास आहे आणि वडील स्कूटर चालवतात. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पेनओटी_सिस्टर
दादा, हे उपकरण नसेच्या दुखण्यावर चालतं. आग, करंट, मुंग्या, चादर सहन न होणं ही लक्षणं त्यातलीच आहेत, त्यामुळं सुचवलंय ते बरोबर वाटतं. पण स्क्रू सैल झाला असेल किंवा दुखणं फक्त वाकताना-उठतानाच होत असेल, तर त्यावर याचा फारसा उपयोग नाही. म्हणून आधी एक्स-रे किंवा सीटी करून स्क्रू तपासून घ्या.

दुसरं म्हणजे एमआरआय. बहुतेकांकडे फक्त कमरेचा असतो. सुई कमरेच्या वरच्या बाजूला घातली, तरी लीडचं (करंट नेणाऱ्या बारीक वायरचं) टोक छातीच्या आठव्या-नवव्या मणक्यापर्यंत जातं. तिथं मज्जारज्जू ज्यातून जातो ती मणक्याची पोकळी अरुंद असेल तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. छातीच्या मणक्याचा एमआरआय झालाय का ते विचारा.

क्लोपिडोग्रेल साधारण ७ दिवस आधी थांबवतात, कारण मणक्यात रक्त साठलं तर पाय लुळे पडू शकतात. पण स्टेंट आहे, तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय एक गोळीही बंद करू नका. शुगर आटोक्यात आणा. तंबाखू, मिश्री असेल तर आत्ताच बंद. जखम न भरण्याचं आणि इन्फेक्शनचं ते मोठं कारण आहे.

आता ट्रायल. भूल फक्त त्या जागेपुरती देतात, कारण टेबलावर वडिलांना विचारावं लागतं: झिणझिण्या नेमक्या दुखऱ्या भागावर येतात का? त्या पोटावर किंवा बरगडीवर आल्या तर लीड हलवतात. वायर पाठीतून बाहेर येते आणि छोट्या मशीनला जोडून पट्टीनं चिकटवतात. त्या आठवड्यात अंघोळ नाही, फक्त अंग पुसायचं. वाकणं, कंबर वळवणं, हात डोक्यावर नेणं, दोन-अडीच किलोपेक्षा जड उचलणं बंद. उकिडवं बसायचं नाही, म्हणजे संडासात कमोडची खुर्ची लागणार. ती ट्रायलआधीच आणून ठेवा. स्कूटर अजिबात नाही.

निकालाबद्दल लोक चुकतात ते इथं. "बरं वाटतंय का?" या प्रश्नावर लाखोंचा निर्णय होतो. त्यापेक्षा एक वही करा आणि ट्रायलच्या आठवडाभर आधीपासून रोज भरा: किती मिनिटं न थांबता चालले, रात्री किती वेळा जाग आली, खुर्चीत सलग किती वेळ बसले, आग दहापैकी किती. ट्रायलमध्ये तेच चार रकाने. पहिले दोन दिवस सुईच्या जागेचं दुखणं मिसळतं, म्हणून तिसऱ्या दिवसापासूनचे आकडे जास्त धरा. गोळ्या मध्येच कमी करू नका, नाहीतर फरक कशामुळं पडला ते कळणार नाही. शिवाय प्रेगाबालिन एकदम सोडायचं औषधच नाही. आग निम्म्यानं किंवा त्याहून कमी झाली आणि चालणं-झोपही सुधारली, तरच पुढं जा. आकडा उतरला पण माणूस पलंगावरच आहे, तर मी थांबायला सांगेन.

बायोमेड_शिरोली
सिस्टरनी ट्रायलचं नीट लिहिलंय. मी मशीनचं लिहितो.

पक्क्या ऑपरेशनमध्ये बॅटरी कमरेत किंवा नितंबाच्या वरच्या भागात कातडीखाली बसवतात. ही जागा आधी पेनानं आखून घ्या. वडील धोतर किंवा पायजमा नेसत असतील तर नाडी आणि पट्टा जिथं बसतो तिथं बॅटरी नको, रोज घासते. दुखरी कूसही टाळायची.

चार्ज न होणारी बॅटरी करंट किती लागतो त्यावर साधारण ३ ते ५ वर्षं टिकते, मग ती बदलायला पुन्हा ऑपरेशन. चार्ज होणारी दहा वर्षांच्या आसपास चालते, पण चार्जर कातडीवर नीट लावून बसावं लागतं, काहींना रोज, काहींना आठवड्यातून एकदा. बॅटरी खोल गेली, उलटली किंवा मधे चरबी वाढली तर चार्जिंग तुटतं. बोटांनी बॅटरी चाचपत, फिरवत बसायची सवय लागू देऊ नका. चार्जर लावून झोपायचं नाही, कातडी भाजते. आणि बॅटरी पूर्ण उतरू द्यायची नाही.

सगळ्यात जास्त होणारा बिघाड म्हणजे लीड सरकणं. काही मिलिमीटर सरकली तरी पायातल्या झिणझिण्या पोटात येतात. लीडवर बहुधा आठ संपर्कबिंदू असतात, त्यामुळं आधी दुसरे बिंदू निवडून प्रोग्राम बदलून बघतात. तेवढ्यानं भागलं नाही तर एक्स-रे, आणि मग पुन्हा ऑपरेशन. म्हणून पहिले सहा ते आठ आठवडे वाकायचं नाही. इन्फेक्शनमध्ये लाली, पाझर, ताप दिसला की त्याच दिवशी फोन करा. बॅटरीच्या कप्प्यात पू झाला तर बहुधा सगळंच काढावं लागतं.

उताणं झोपल्यावर झिणझिण्या अचानक वाढतात, कारण मज्जारज्जू लीडच्या जवळ येतो. हा बिघाड नाही, रिमोटवर झोपायचा वेगळा प्रोग्राम मागून घ्या. १०,००० हर्ट्झच्या (सेकंदाला दहा हजार ठोक्यांच्या) पद्धतीत झिणझिण्या जाणवतच नाहीत, हाही पर्याय विचारा. झिणझिण्या देणारी मशीन असेल तर स्कूटरवर ती बंद ठेवायची.

एक गोष्ट घरात सगळ्यांना पाठ पाहिजे: शॉर्टवेव्ह डायथर्मीचा (रेडिओलहरींनी आतून गरम करणाऱ्या मशीनचा) शेक कधीही नाही, शरीराच्या कुठल्याच भागावर नाही. आपल्याकडं गल्लोगल्ली फिजिओथेरपीत तो सर्रास देतात. लीडचं टोक तापून मज्जारज्जूला इजा होते. दुसऱ्या कुठल्याही ऑपरेशनआधी सर्जनला मशीनचं कार्ड दाखवा. एमआरआय करता येतो की नाही ते मॉडेलवर आहे: शरीराचा कोणता भाग, किती टेस्ला (एमआरआयच्या चुंबकाची ताकद), हे लेखी घ्या. एमआरआयआधी मशीन एमआरआयच्या मोडवर टाकावी लागते.

रंकाळावेस
दोघांचे मनापासून आभार. खर्चाचं कोणी सांगेल का? आणि एका ओळखीच्यांनी मॉर्फिनचा पंप सुचवला, तो यापेक्षा सोपा का?

जयसिंगपूरकर_ताई
कोटेशन फोडून मागा: ट्रायलची लीड, पक्की लीड, बॅटरी, ओटी (ऑपरेशन थिएटर), आणि पहिल्या वर्षाचं प्रोग्रामिंग. ट्रायलची लीड बहुधा काढून टाकतात, म्हणजे लीडचे पैसे दोनदा. विमा असेल तर ट्रायल आणि पक्कं ऑपरेशन दोन्हींची पूर्वमंजुरी वेगवेगळी लेखी घ्या. पॉलिसी घेण्याआधीपासूनच्या आजाराला विमा लागू व्हायची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, २०२४ पासून. तेवढी पॉलिसी जुनी आहे का बघा.

पंप सोपा नाही हो. पोटाच्या कातडीखाली टाकी असते, २० किंवा ४० मिलिलिटरची, आणि नळी मणक्यातल्या पाण्यात जाते. औषध फार थोडं लागतं, तोंडानं घ्यायच्या मॉर्फिनच्या साधारण तीनशेवा भाग. पण टाकी दर काही महिन्यांनी सुईनं भरावीच लागते, आणि मणक्यात वापरायचं मॉर्फिन हवं तिथं मिळत नाही. भरायची तारीख चुकली तर औषध तुटल्याचा त्रास होतो. पंपात बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध) असेल तर जिवावर बेतू शकतं.

पुणे आपल्यापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. स्टिम्युलेटरलाही पहिल्या काही महिन्यांत प्रोग्रामिंगसाठी चार-पाच फेऱ्या धरून चाला. कंपनीचा प्रोग्रामर सांगली-मिरज किंवा कोल्हापुरात येतो का, रात्री मशीन बिघडली तर कोणाचा फोन लागतो, हे ट्रायलच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा. नाव आणि नंबर कागदावर मिळाल्याशिवाय तारीख घेऊ नका.