तुमच्याकडचा वेगळा कप कुठे असायचा?

आमचा परसदारी, कोनाड्यात. कान तुटलेला. शेतावर राबणारे एक मामा त्यातून चहा प्यायचे, स्वतःच विसळून पालथा घालायचे. त्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रेला जायचो, पण कप कोनाड्यातच. पुण्यात जोतीरावांनी आपल्या घरचा हौद १८६८ साली अस्पृश्य ठरवलेल्यांना खुला केला. आमच्या परसदारी ते वारं यायला सव्वाशे वर्षं गेली. तेही कुणी ठरवून नाही. कप फुटला आणि आईने घरातल्या सहातला एक पुढे केला. आजी दोन दिवस आईशी बोलली नाही. तुमच्याकडे कसं होतं, कसं सुटलं, लिहा.

*

मी तो कप विसळणाऱ्यांची नात. आजोबा "नको, आत्ताच झाला" म्हणून चहा टाळायचे. आमच्या घरी तेव्हा चहा व्हायचाच नाही, हे मला फार उशिरा कळलं. वडील दर २० मार्चला महाडला न्यायचे, चवदार तळ्याच्या काठी उभं करून १९२७ची हकिगत सांगायचे. मला वाटायचं, झालं की आता ते सगळं. मग शहरात खोली बघायला गेले. मालकीणबाईंनी आडनाव विचारलं. त्यावरून अंदाज येईना, तेव्हा गाव. मग, "गावात कुठे?" दुपारी रिकामी असलेली खोली संध्याकाळी त्यांच्या भाच्याला लागली.

एक विचारू? कप बदलला तेव्हा मामांना कुणी काही म्हणालं का?

*

आमच्याकडे कप नाही, वस्तीचं नाव. डिसेंबर २०२०मध्ये सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, आमची पाटी बदलली. एसटीत लोक अजून जुन्याच नावाने तिकीट मागतात. माझी मुलगी नव्या नावाने मागते. कंडक्टर म्हणतो, "म्हणजे कुठलं?" ती परत तेच नाव सांगते. भांडत नाही, फक्त परत सांगते.

*

जरा वेगळं आहे, चालेल ना? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा आमच्या भिशीत टाळ्या पडल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र आई स्वयंपाकघरातून बाहेर येईना. शेवटी शेजारच्या काकूंनी तिच्या हातात करंडा दिला, "आज तुम्हीच लावा सगळ्यांना." हात इतका थरथरत होता की माझं कुंकू नाकावर आलं.

*

वर विचारलंय त्यांना : नाही. कुणीच काही म्हणालं नाही. मामाही नाहीत. त्यांनी तो नवा कपही विसळला आणि कोनाड्यात पालथा घातला.