रस्त्यावर बारीक खडी टाकून ठेकेदार गायब, गाडी घसरून पडले. आता काय करू?

मेथीचीजुडी

नमस्कार मंडळी, धागा जरा रडका आहे, सांभाळून घ्या.

आमच्या सोसायटीच्या गेटपासून मेन रोडपर्यंत साधारण चारशे मीटरचा रस्ता आहे. दिवाळीनंतर तिथे ड्रेनेजची लाईन टाकली, मग चर मुरूम टाकून बुजवला, मग एक दिवस ते दातांचं मशीन येऊन जुनं डांबर सगळं खरवडून गेलं आणि त्यानंतर एका रात्रीत मोठ्या मशीनने काळा थर टाकला आणि सकाळी उठून बघतो तर वर बारीक खडी भुरभुरवलेली, पोह्यांवर खोबरं भुरभुरवतात ना तशी, फक्त फारच सढळ हाताने. त्याला आज बारा दिवस झाले. रोलर कडेला उभा आहे, त्याच्या सावलीत कुत्री झोपतात. माणूस एकही नाही.

परवा संध्याकाळी मंडईतून येताना गेटला वळत होते. स्पीड वीसच्या पुढे नव्हता, खरंच नव्हता, हेल्मेटही होतं. गेटमधून एक मुलगा सायकल घेऊन आला म्हणून ब्रेक दाबला आणि पुढचं चाक असं सटकलं की काय झालं ते कळलंच नाही, मी, ॲक्टिवा आणि मेथी तिघी रस्त्यावर. गुडघा सोलवटला, तळहातात खडी रुतली ती डॉक्टरांनी चिमट्याने काढली, सात खडे निघाले (मी मोजले, दुखत असताना दुसरं काय करणार), धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. मागे टेम्पो होता, त्या दादाने वेळेत थांबवला म्हणून हे टाईप करतेय, तेही डाव्या हाताने.

आमचे वॉचमनकाका रोज सकाळी सहाला खराट्याने गेटसमोरची खडी झाडून आंब्याच्या बुंध्याशी ढीग करतात आणि नऊ वाजेपर्यंत स्कूलबस दोन्ही बाजूंनी नवीन खडी आणून टाकतात. वॉर्ड ऑफिसला फोन केला तर "काम चालू आहे मॅडम" एवढंच उत्तर. ही खडी नक्की कशासाठी टाकतात? आणि तक्रार कुठे आणि काय लिहून करायची? शहराचं नाव मुद्दाम देत नाहीये, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादापासून सत्ता कोणाची यावर गाडी जाईल.

चहाबाज

काळजी घ्या ताई. आमच्याकडेही हेच चाललंय, फक्त आमचा रोलर पण घेऊन गेले.

आता कोणीतरी जंगली महाराज रस्ता काढणारच, त्यापेक्षा मीच काढून मोकळा होतो. १९७६ साली पुण्यात रेकॉन्डो कंपनीने केला, दहा वर्षांची गॅरंटी दिली आणि पुढे कित्येक वर्षं खड्डा नाही वगैरे वगैरे. झालं? आता प्रश्नावर बोला.

काळाकातळ

मेथीताई, मी तीस-बत्तीस वर्षं रस्त्याच्या कामांवर काढली, आता निवृत्त आहे, त्यामुळे लिहायला मोकळा आहे.

आधी एक विचारतो. तुमच्या हातातून निघालेले खडे काळे होते की करडे? थट्टा नाही करत.

बारीक खडी टाकणं यात मुळात चूक काही नाही. मोठ्या मशीनने म्हणजे पेव्हरने एका रात्रीत टाकला म्हणताय म्हणजे तो बहुतेक बिट्युमिनस मॅकॅडमचा थर असणार, साईटवर त्याला बीएम म्हणतात. हा थर पोकळ असतो, पाणी आत जाऊ देतो, तो काही चालायचा पृष्ठभाग नव्हे, त्याच्यावर कार्पेट, म्हणजे डांबराचा शेवटचा गुळगुळीत थर, यायचं असतं. नियम असा की बीएमवर ४८ तासांच्या आत पुढचा थर आला पाहिजे, आणि उशीर होणार असेल तर वाहतूक सोडायच्या आधी त्यावर सीलकोट मारायचा. तुमचे बारा दिवस झालेत. हा आकडा तक्रारीत पहिल्या ओळीत घाला.

आता सीलकोट म्हणजे काय, तर आधी गरम डांबराचा फवारा आणि तो गरम असतानाच वर खडी आणि लगेच रोलर. दहा चौरस मीटरला ९.८ किलो डांबर आणि ०.०९ घनमीटर खडी असं प्रमाण आहे. रोलरने खडी डांबरात दाबली जाते, जी बसत नाही ती झाडून काढायची, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाड्या सोडायच्या नाहीत. खडी स्वच्छ पाहिजे, क्रशरची धूळ लागलेली असेल तर डांबर धुळीला चिकटतं, दगडाला नाही, आणि चार दिवसांत सगळं सुटतं.

पण प्रत्यक्षात काय होतं सांगतो. रात्री थर टाकला, सकाळी गाड्या सुरू होणार, ताजं डांबर टायरला चिकटून उचकटेल या भीतीने मुकादम डंपरमधून कोरडी ग्रीट म्हणजे बारीक खडी फेकायला लावतो. खाली डांबराचा फवारा नाही, वर रोलर नाही. ती चिकटणार कशाला? ती नुसती बॉल-बेअरिंगसारखी फिरत राहते. म्हणून विचारलं, खडा काळा असेल तर डांबरात बसला होता आणि सुटला, करडा आणि धुळकट असेल तर डांबर त्याला लागलंच नव्हतं. दोन्हींत दोष आहे पण वेगळा आहे. घरी बघायचं असेल तर चपलेच्या टाचेने रस्ता खरवडून बघा.

आणि झाडू मारणं हे कामातच धरलेलं असतं, त्याचं वेगळं बिल निघत नाही. ज्याचं बिल निघत नाही ते काम साईटवर कोणाचंच नसतं, हे मी बत्तीस वर्षांत शिकलो. तुमचे वॉचमनकाका ठेकेदाराचं काम फुकटात करतायत.

मेथीचीजुडी

काका, करडे होते!! एकालाही डांबर नव्हतं. तीन खडे अजून माझ्याकडे आहेत, गोळ्यांच्या कागदी पुडीत ठेवलेत, का ठेवले माहीत नाही. चपलेची टाच पण मारून बघितली, खडी नुसती सरकते, खाली काळं कोरडं कोरडं.

बुलेटराव

खडीवर रोज बारा किलोमीटर जातो म्हणून चार गोष्टी. वळायच्या आत, गाडी सरळ असतानाच वेग कमी करून घ्यायचा, गाडी कलली की ब्रेकला हात लावायचा नाही, आणि वळण जमेल तेवढं मोठं घ्यायचं म्हणजे गाडी कमी झुकते. तुमचं तिथेच झालं, वळताना ब्रेक लागला. दोष तुमचा नाही, समोर मूल आलं की हात आपोआपच दाबतो.

अजून एक जे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १२५ सीसीच्या वरच्या नवीन गाड्यांना २०१९ पासून एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) सक्तीचं आहे, २०१९ च्या त्या नियमात त्याखालच्यांना सीबीएस चालतं. ॲक्टिवाला सीबीएस असतं, म्हणजे डावा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो, पण चाक लॉक होऊ नये याची सोय त्यात नाही. लोकांना वाटतं सीबीएस म्हणजे एबीएसचा धाकटा भाऊ, तसं काही नाही. खडीवर डावाही हळूच दाबायचा.

चालवायचं ते चारचाकीच्या चाकोरीतून, तिथली खडी उडून गेलेली असते. सगळ्यात वाईट जागा म्हणजे दोन चाकोऱ्यांच्या मधला पट्टा आणि रस्त्याची कड, सगळा माल तिथे जमतो, आणि आपण बिचारे दुचाकीवाले नेमके कडेने चालतो. मशीनने खरवडलेला रस्ता असेल तर तिथे लांब रेघा असतात, हँडल घट्ट धरून त्या रेघांशी भांडायचं नाही, गाडी जरा डुलते, डुलू द्यायची. आणि डंपरच्या मागे अजिबात नाही, एकदा हेल्मेटच्या काचेवर खडा बसलाय, आवाज अजून कानात आहे.

वायकाटोची_वहिनी

मी न्यूझीलंडला हॅमिल्टनमध्ये असते. इथे गावाबाहेरचे बहुतेक रस्ते आणि शहरातल्याही पुष्कळ गल्ल्या अशाच खडीच्या असतात, चिपसील म्हणतात. डांबर फवारायचं, वर खडी, रोलर. म्हणजे काळाकातळ काकांनी सांगितलं तेच. उन्हाळ्यात म्हणजे तुमच्या डिसेंबर-जानेवारीत ही कामं निघतात कारण थंडीत खडी धरत नाही.

फरक एवढाच की खडी टाकली की त्याच क्षणी ताशी ३० च्या वेगमर्यादेची तात्पुरती पाटी लागते आणि सुटी खडी झाडून होईपर्यंत ती हलत नाही. झाडणारी गाडी येते, दोनदा-तीनदा येते. पण म्हणून इथे स्वर्ग आहे असं समजू नका हं, ३० च्या पाटीला न जुमानता जाणारे इथेही आहेत, आमच्या गाडीची पुढची काच नवीन असताना दुसऱ्याच आठवड्यात समोरच्या यूटने (इथला छोटा पिकअप) खडा उडवला, मसूरडाळीएवढी खूण, हे दोन दिवस जेवले नाहीत धड.

बाकी खरचटलेल्या जागी हळद वगैरे लगेच नका लावू, आधी आतली माती पूर्ण धुऊन निघाली पाहिजे. बारीक कण राहिला तर कातडीखाली काळा डाग कायमचा राहतो, माझ्या कोपरावर आहे, साताऱ्याची आठवण, १९९४.

चहाबाज

काचेवरून आठवलं, भारतात ओन डॅमेजवाला, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा, विमा असेल तर काचेवर घसारा कापत नाहीत. पण बारीक टिकलीसाठी क्लेम करून नो क्लेम बोनस घालवू नका, आधी रेझिन भरून मिळतं का बघा, बऱ्याचदा स्वस्तात होतं.

कोर्टकचेरी

नुकसानभरपाईचं कोणी विचारलं नाहीये पण विचारणार आहात, म्हणून लिहितो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख द्यायचा आदेश दिला. पालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव अशी समिती रक्कम ठरवते. आता सुटी खडी म्हणजे खड्डा का? शब्दशः नाही. वाद घालता येईल, पण त्या पैशाच्या भरवशावर राहू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम १९८अ आलं, रस्त्याचं काम किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ठेकेदारासकट जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. देवाच्या कृपेने तुमचा गुडघा त्यात बसत नाही. पण डॉक्टरांचा कागद, बिल, पडल्या जागेचे फोटो जपून ठेवा, खर्च काही नाही त्याला.

खरा उपयोग तक्रारीचा. फोनवर नाही, कागदावर. पथ विभागाच्या कार्यकारी अभियंत्याच्या नावे लिहा, बीएमवर ४८ तासांत थर यायला हवा होता, बारा दिवस झाले, वर कोरडी खडी आहे, सूचनाफलक नाही, बॅरिकेड नाही. कामाच्या जागी वाहतूक कशी सांभाळायची याची इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका आहे, आयआरसी एसपी ५५, तिचा उल्लेख करा, साहेब लोक आकडा दिसला की वाचतात. पोच घ्या आणि आवक क्रमांक लिहून घ्या, आवक क्रमांक नसेल तर तुम्ही तिथे गेलाच नव्हतात असं समजा. सोबत माहिती अधिकाराचा वेगळा अर्ज, दहा रुपयांचा, वर्क ऑर्डर, मुदत आणि दोष दायित्व कालावधी (ज्या काळात निघालेले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात तो) मागा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे, नाहीतर तेच कारण काढून परत पाठवतात. उत्तर तीस दिवसांत. बहुतेक वेळा अर्ज गेला हे कळल्यावरच रोलर हलतो.

मेथीचीजुडी

मंडळी, अपडेट. उशीर झाला, हाताची पट्टी कालच निघाली.

सोमवारी सोसायटीतल्या अकरा जणांच्या सह्या घेऊन गेले. पथ विभागात एक तरुण कनिष्ठ अभियंता होता, अर्ज वाचला, ४८ तासांवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं मॅडम तुम्ही सिव्हिलच्या का. मी म्हटलं नाही, मी शाळेत भूगोल शिकवते. मग ती पुडी उघडून तीन खडे टेबलावर ठेवले. हे काय? म्हटलं हे माझ्या हातातून निघालेत, बघा एकाला तरी डांबर लागलंय का. त्याने एक उचलला, नखाने घासला आणि काही न बोलता फोन लावला. पलीकडच्याशी बोलताना "डांबराचा प्लांट बंद होता" असं तीनदा ऐकू आलं. आवक क्रमांक मिळाला, तेवढ्यासाठी दोन खिडक्या फिरावं लागलं.

बुधवारी सकाळी झाडायला चार बायका आल्या, मशीन वगैरे नाही, हातात खराटे आणि तोंडाला पदर. चारशे मीटर झाडायला दुपारचे अडीच वाजले, अर्धी ट्रॉली भरली. त्यांना चहा दिला तर एक जण म्हणाली, ताई आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर त्याच दिवशी आलो असतो. शुक्रवारी रात्री कार्पेट झालं. आंब्याखालचा ढीग वॉचमनकाकांनी ट्रॉलीत दिला नाही, म्हणे माझ्या खोलीपुढे चिखल होतो पावसाळ्यात, तिथे घालतो.

आता फक्त एक, काळाकातळ काका. नवा थर आल्यामुळे गेटसमोरचं ड्रेनेजचं झाकण दीड-दोन इंच खाली गेलंय, काल बुलेटवाला एक पोरगा त्यात आदळला. हे त्याच कामात येतं का दुसरं टेंडर?

काळाकातळ

त्याच कामात. पट्टी घेऊन खोली मोजा, पट्टी दिसेल असा फोटो काढा, आणि जुन्या अर्जाचा आवक क्रमांक टाकून नवीन अर्ज द्या. यावेळी खडे न्यायची गरज नाही.