स्वच्छ पर्यावरणाचा हक्क राज्यघटनेत स्वतंत्रपणे लिहिला जावा का?

नदीकाठचा रहिवासी (प्रश्न):
आमच्या गावाच्या वरच्या अंगाला औद्योगिक वसाहत आहे. पावसाळा ओसरला की नदीच्या पाण्याचा रंग बदलतो आणि काठावरच्या विहिरींचे पाणी जनावरेही तोंडाला लावत नाहीत. ग्रामसभेत हा विषय निघाला तेव्हा एका वकिलांनी सांगितले की, स्वच्छ पर्यावरण हा आपला मूलभूत हक्कच आहे. त्यानंतर मी राज्यघटनेचा तिसरा भाग दोनदा वाचला, परंतु त्यात पर्यावरण हा शब्द मला कोठेही आढळला नाही. मग हा हक्क नेमका कोठे आहे, आणि तो स्वतंत्र अनुच्छेद म्हणून लिहिला गेला तर आमच्यासारख्यांच्या हाती काही अधिक येईल का?

कायद्याचा अध्यापक:
आपले वाचन अचूक आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरण दोन ठिकाणी आले: अनुच्छेद ४८ क मध्ये राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व म्हणून आणि ५१ क मध्ये नागरिकाचे कर्तव्य म्हणून. मात्र मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत, असे अनुच्छेद ३७ स्पष्टच सांगतो. म्हणजे कर्तव्य आपल्या नावावर लिहिले गेले, हक्क मात्र लिहायचा राहिला. तो सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कातून काढला. प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा त्या हक्काचाच भाग आहे, हे सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या १९९१ च्या निकालातील विधान आज प्रत्येक अर्जात उद्धृत होते. पण ती याचिका वैयक्तिक हितापोटी केलेली आहे असे ठरवून न्यायालयाने फेटाळली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. पुढच्या अनेक निकालांनी हा हक्क बळकट केला, तरी त्याची व्याप्ती प्रत्येक वेळी समोरच्या खंडपीठाच्या वाचनावर अवलंबून राहते, आणि माझ्या मते तो लिहून ठेवण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

शिक्षण हक्काच्या कामातील कार्यकर्ती:
शिक्षणाच्या बाबतीत आपण हा प्रवास पाहिलेला आहे. १९९२ आणि १९९३ च्या निकालांनी शिक्षणाचा हक्क अनुच्छेद २१ मधूनच निघाला, परंतु २००२ च्या घटनादुरुस्तीने २१ क लिहिला गेला, त्यानंतर २००९ चा कायदा झाला, आणि शाळा किती अंतरावर असावी, किती मुलांमागे किती शिक्षक असावेत, हे पालकाला बोट ठेवून दाखवता येऊ लागले. निकालाने हक्क मान्य होतो. तो कोणी, केव्हा आणि किती पुरवायचा हे कायद्याने ठरते. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये सुरक्षित पिण्याचे पाणी आणि प्रदूषण प्रतिबंध यांसाठी स्वतंत्र अनुच्छेद सुचवला होता. ती शिफारस तशीच पडून राहिली, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

जुना सभासद:
अनुच्छेद लिहिल्याने नाल्यातले पाणी निवळत नाही, ही शंका मला आहे. जल प्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे, हवेचा १९८१ पासून, आणि तरीही नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत पाणी वाहून गेलेले असते. घटनादुरुस्तीची वाट पाहू नका. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे खंडपीठ पुण्यात आहे. तेथे वाद दाखल करण्यास साधारणपणे सहा महिन्यांची आणि भरपाई मागण्यास पाच वर्षांची मुदत असते, म्हणून पाण्याचा रंग बदलला त्या दिवसाची नोंद, छायाचित्रे आणि प्रयोगशाळेचा अहवाल आजपासून जपून ठेवा. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश दंडाधिकारीही देऊ शकतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ झाले आहे. त्याच कलमाच्या आधारे मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांचा प्रश्न लढवला, आणि पैसा नाही ही नगरपरिषदेची सबब सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये नाकारली.

कायद्याचा अध्यापक:
आपली शंका रास्त आहे, पण अमेरिकेतील मोंटाना राज्याचे उदाहरण पाहावे. तेथील १९७२ च्या संविधानात स्वच्छ आणि आरोग्यदायी पर्यावरणाचा हक्क शब्दशः लिहिलेला आहे. प्रकल्पांच्या पर्यावरणीय आढाव्यात हरितगृह वायूंचा विचार करण्यास मनाई करणारी तरतूद विधिमंडळाने केली, तेव्हा सोळा मुले आणि तरुण न्यायालयात गेले. २०२३ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरली आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. लिहिलेला हक्क नाला साफ करत नाही हे खरे, परंतु उद्या विधिमंडळच कायदा सैल करू लागले तर त्याला अडवण्यासाठी तो शब्द समोर असावा लागतो.

नदीकाठचा रहिवासी:
सर्वांचे आभार. विहिरींच्या पाण्याचे नमुने या आठवड्यात तपासणीस पाठवतो आणि प्रांत कार्यालयात अर्ज देतो. पुढच्या ग्रामसभेत मात्र दोन ठराव मांडणार आहे: एक आमच्या विहिरींबद्दल, आणि दुसरा आमच्या खासदारांनी हा हक्क तिसऱ्या भागात लिहिण्याची मागणी संसदेत करावी, याबद्दल.