मदत हवी आहे: गृहभेटीत सामाजिक कार्यकर्तीचे अधिकार किती?

माझ्या बहिणीच्या आठ वर्षांच्या मुलाबाबत तक्रार गेल्याने बाल कल्याण समितीने सामाजिक तपासणीचा आदेश दिला आहे; मूल सध्या बहिणीकडेच आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 36 नुसार ही तपासणी 15 दिवसांत पूर्ण करायची असते आणि अंतिम निर्णय समितीचा असतो, एवढे मी वाचले आहे. तपासणीलाच आमचा विरोध मुळीच नाही. परंतु दुसऱ्या भेटीत कार्यकर्तीने कपाटाचे खण उघडून पाहिले, बहिणीचा मोबाइल मागितला आणि ‘मुलाला आजीकडे ठेवण्यास माझी हरकत नाही’ अशा तयार मजकुराखाली सही न केल्यास मूल लगेच न्यावे लागेल, असे सांगितले. बहिणीने सही केलेली नाही.

आदेशाची प्रत आमच्याकडे असून तीत केवळ गृहभेट आणि अहवाल यांचा उल्लेख आहे. कार्यकर्तीला लेखी विचारणा केली, उत्तर आले नाही. समितीपुढील तारीख गुरुवारी आहे आणि त्याआधी वकिलांची वेळ मिळालेली नाही.

समितीचा स्वतंत्र लेखी आदेश नसताना कार्यकर्तीला झडती घेण्याचा, मोबाइल पाहण्याचा किंवा मूल ताब्यात घेण्याचा अधिकार आहे का, आणि सहीचा नकार अहवालात ‘असहकार’ म्हणून नोंदला गेल्यास आमची बाजू समितीपुढे कोणत्या स्वरूपात मांडावी?