बेळगावकडच्या खानापूरच्या जंगलातल्या मुरमाच्या रस्त्यावर गाडी घसरते, काय करावं?

प्रश्न: जांबोटीच्या पुढे आतल्या कच्च्या रस्त्यावर वळणात हॅचबॅकचं पुढचं तोंड सरळच जायलंय. हवा ३३ पीएसआय आहे. रॅलीवाले तर असल्याच रस्त्यावर सुसाट जातात की!

उत्तर १: दादा, जांभ्याचे गोल खडे चाकाखाली गोट्यांसारखे फिरतात. हवा २७-२८ करा. त्याखाली नको, दगडानं टायरची बाजू फाटते. डांबरावर आलात की परत भरा. ब्रेक वळणाआधी सरळ रस्त्यावरच संपवा, दुसरा गिअर टाका, वळणात क्लच दाबू नका. तोंड सरकलंच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग थोडं सैल करा. जास्त वळवलं तर चाक आणखी घसरतं.

उत्तर २: एबीएसवर, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेवर, भिस्त नको. सुट्या खडीवर लॉक झालेलं चाक पुढ्यात खडीचा ढीग करून थांबतं. एबीएस ते होऊ देत नाही, म्हणून अंतर वाढतं.

उत्तर ३: रॅलीत रस्ता बंद असतो, शेजारचा सहचालक पुढचं वळण वाचून सांगतो. इथं वळणापलीकडे म्हशी असतात बघा! आणि भीमगड अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय आतल्या वाटेला गाडी घालायचीच नाही.